पेटीत नसलेला सीन

सोमवारी दुपारी मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात एक बाई दारातच चपला काढून आत आली. 'दैनिक पंचक्रोशी'च्या कचेरीत चपला कुणीच काढत नसे. जमिनीवर शाई, रद्दी आणि कोपऱ्यांतून पानाच्या पिचकाऱ्या, तिथं अनवाणी चालणं म्हणजे पाय घाण करून घेणंच होतं. ही मात्र देवळात आल्यासारखी आली. पन्नाशीची, अंगानं वाळलेली, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. हातात आमच्याच रविवारच्या अंकाचं पान होतं, चार घड्या घातलेलं.

"शिनेमाचं कोण लिवतंय हितं?"

प्रूफं वाचणाऱ्या घोरपड्यांनी हनुवटीनंच मला दाखवलं. मी मनात म्हटलं, आली कटकट. नट-नट्यांच्या भक्तांच्या शिव्या खायची मला सवय होती. एकदा तर आवडत्या हिरोला मी 'लाकूड' म्हटलं म्हणून एका गड्यानं मला खरंच लाकूड घेऊन गाठलं होतं. पण ही बाई भांडायला आलेली दिसेना. टेबलांच्या कडा चाचपत ती माझ्यापर्यंत आली, पान पसरलं, तळहातानं घड्या सारख्या केल्या आणि अगदी हळू विचारलं,

"तुमी बगितलासा न्हवं तिला?"

"कुणाला, मावशी?"

"हिरीतनं वर आली, ती. तुमी लिवलंय. टाकीजच्या बुकिंगच्या मास्तरांनी मला दोन डाव वाचून दावलं." तिनं पानावर बोट टेकवलं. ते भलतीकडेच, नळपट्टीच्या बातमीवर टेकलं होतं. "ती माजी लेक हाय. मालन."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

आता खरं सांगून टाकतो. ज्या सिनेमात ती बाई विहिरीतून वर आली असं मी छापलं होतं, तो सिनेमा मी बघितलाच नव्हता.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, इचलकरंजीतली. भुताच्या हिंदी सिनेमांची तेव्हा नुसती रेलचेल होती. महिन्याला एक तरी लागायचा, आणि आमच्या धंद्यातला एकही शहाणा माणूस तो बघत नसे. मुंबईचे मोठे परीक्षक तीन ओळींत वासलात लावत. आम्ही खालचे त्यांचीच री ओढायचो. बघायचं काय त्यात? पडकी हवेली, बिघडलेली जीप, कंदीलवाला रखवालदार, न्हाणीघरातली नटी, एक विनोदी नोकर आणि शेवटी त्रिशूळ. माझी वाक्यं तयार असत. 'भीतीऐवजी हसू येते', 'भुताची कीव येते', 'लेखकालाच झपाटले असावे'. सिनेमा बदलला की नुसती नावं बदलायची. निर्मात्याकडून पेपरला एक छापील पुस्तिका येई. तीत अर्धी कथा आणि 'पुढे पडद्यावर पाहा' असं असायचं. ती पुस्तिका पुढ्यात ठेवून तासाभरात परीक्षण लिहायचं आणि थिएटरचा पास आमच्या छपाईच्या मशीनवरच्या कुणाला तरी देऊन टाकायचा. हे सगळेच करत. आज त्याच सिनेमांवर विद्यापीठात प्रबंध लिहितात म्हणे. मागल्या वर्षी एका मुलीचा फोन आला होता, त्या काळातली तुमची परीक्षणं मिळतील का सर, म्हणून. मी म्हटलं, पुरात गेली.

या सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. उगाच कुणी शोधत जाल.

तर त्या पुस्तिकेत एक वाक्य होतं, की हवेलीमागच्या विहिरीतून ती ओलेत्यानं वर येते आणि गावावर सूड उगवते. मला आयतंच खाद्य मिळालं. मी लिहिलं, 'विहिरीतून वर येणारी ही भुतीण पाहून प्रेक्षक जागचा हलत नाही. तिला वर ओढणारा दोर इतका स्पष्ट दिसतो, की थांबून हातभार लावावासा वाटतो. पंचगंगेच्या घाटावर म्हैस याहून भयंकर रीतीने बाहेर येते.' लिहून झाल्यावर मी स्वतःशीच हसलो होतो. संपादक आप्पासाहेब मगदूमही हसले होते.

बाई हसत नव्हती. तिला म्हशीचं वाईटही वाटलं नव्हतं. लेक दिसली, एवढंच तिनं त्यातून उचललं होतं.

तिचं नाव अक्काताई. चंद्रप्रभा टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर अकरा वर्षं होती. मालन तिची थोरली, दिसायला बरी, अंगानं काटक. नवऱ्यानं टाकल्यावर ती मुंबईला गेली आणि सिनेमात डुप्लिकेट म्हणून कामं करू लागली. नटीच्या जागी हिनं घोड्यावरून पडायचं, जिन्यावरून गडगडायचं, तोंड केसांनी झाकून भूत व्हायचं. मागल्या पावसाळ्यात याच सिनेमाच्या शूटिंगला तिला कमरेला दोर बांधून विहिरीत सोडली. पहिल्या खेपेला नीट वर आली. साहेबांना पसंत पडेना, म्हणून परत सोडली, आणि या खेपेला दोर तुटला. तिच्याबरोबरच्या बाईचं पत्र इचलकरंजीला आलं ते आठ दिवसांनी. तोवर तिकडंच सगळं उरकलं होतं. अक्काताईनं लेकीचं तोंड बघितलं नव्हतं.

"म्हटलं, शिनेमात तरी बगीन," ती म्हणाली. "शुक्रवारी चार खेळ बगितले. शनिवारी चार. हिर येती आन् जाती. मालन येत न्हाई. सगळी म्हनतात, न्हाईच त्यात. मला वाटलं, माज्या डोळ्याला मोतीबिंदू, मलाच दिसंना. मग तुमचं छापून आलं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं ते भलतंच.

"हो," मी म्हटलं. "दिसते."

का म्हटलं? भ्यालो म्हणून. माझ्या आधीच्या परीक्षकाला आप्पासाहेबांनी याच कारणावरून घालवला होता. त्यानं एका सिनेमातल्या गाण्यांची तोंड भरून स्तुती केली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्या सिनेमाच्या रिळांची पेटी गावात आलीच नव्हती, थिएटरला जुनाच सिनेमा चालू होता. सगळं गाव हसलं. आप्पासाहेबांनी त्याला खुर्चीतून उठवलं आणि मला बसवलं. घोरपडे पलीकडे कान टवकारून बसलेले. त्यांच्यादेखत मी कबुली दिली असती, तर संध्याकाळपर्यंत माझीही उचलबांगडी झाली असती.

अक्काताईनं माझं मनगट धरलं. तिचा हात कोरडा आणि गरम होता.

"मग उद्या बाराच्या खेळाला माज्या शेजारी बसा, सायेब. दिसली की नुसतं बोट करा. मी त्या बोटाकडं बगीन."

ती गेल्यावर घोरपडे म्हणाले, बरं झालं तुम्ही बघून लिहिता ते. डबा मी तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी सहाच्या खेळाआधी मी चंद्रप्रभाच्या मागच्या लोखंडी जिन्यानं वर ऑपरेटरच्या खोलीत गेलो. बाबालाल तांबोळी माझ्या वडिलांच्या ओळखीचा, तिथं वीस वर्षं मशीन चालवणारा. मी आडवळणानं विचारलं, या प्रतीत विहिरीचा सीन आहे ना? तो रीळ गुंडाळत होता. हात न थांबवता म्हणाला, आहे की. सातव्या रिळात. नटीची मैत्रीण कंदील घेऊन विहिरीपाशी जाते, वाकून बघते, किंचाळते, आणि खटकन देवळातली घंटा वाजते.

"आणि विहिरीतून बाई?"

आता त्याचे हात थांबले. त्यानं मला नीट निरखून पाहिलं.

"तिथं सांधा आहे, साहेब. कापून जोडलंय. पोरगी मेली म्हटल्यावर पोलिसांच्या भीतीनं त्यांनी सगळा सीनच काढून टाकला असणार. मी हे रीळ चौदा वेळा चालवलंय. किंकाळी आणि घंटा यांच्यामध्ये काही नाही. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा जागा नाही." मग म्हणाला, "तुम्ही कुठं बघितलात?"

मी खिशातला रुमाल शोधायला लागलो. बाबालालला उत्तर कळलं असणार, कारण त्यानं परत विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की त्यानं अक्काताईला तीनदा सांगून बघितलं. हात धरून वर आणलं, सांधा बोटांनी चाचपायला लावला. ती ऐकत नाही. तिचं एकच, छापून आलंय.

"काल तिनं काही खाल्लं नाही," बाबालाल म्हणाला. "परवाही नाही. हे असं गुरुवारच्या शेवटच्या खेळापर्यंत चाललं तर पेटीबरोबर तीही जाईल. तुम्ही घातलेली गाठ आहे, तुम्हीच सोडवा. पण जपून. एकदम 'नाही' म्हटलंत तर ती जागच्या जागी कोसळेल."

जिना उतरताना मी हिशेब मांडला. खरं सांगितलं तर ती मोडणार, खोटं रेटलं तर चार-चार खेळ उपाशीपोटी बसून झिजणार. रात्री अंथरुणावर पडून मी एक तोड काढली. ती कंदीलवाली मैत्रीण विहिरीशी वाकते ना, नेमकं तिच्याकडेच बोट करायचं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कोण कुठली ते काय कळणार? म्हणायचं, ही बघा मावशी, ही मालन. बाईला लेक दिसली, माझी खुर्ची राहिली, आणि भुताचं भूत उतरलं. मला तेव्हा ही तोड फार शहाणपणाची वाटली होती.

मंगळवारी पावणेबाराला चंद्रप्रभावर पोचलो तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. भुताच्या सिनेमाला पाचव्या दिवशी बाराच्या खेळाला चिटपाखरू नसतं. मॅनेजरनं दाराशी काळा फळा लावला होता, आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'पेपरात छापून आलेली विहिरीतली बाई. ज्याच्या नशिबात असेल त्यालाच दिसते.' मॅनेजरनं मला पाहून हात जोडले. रात्रपाळी करून आलेले यंत्रमागाचे कामगार, कॉलेज बुडवलेली पोरं, दोन-चार घरच्या धीट बायका. एक जण दुसऱ्याला सांगत होता, की काल तीनच्या खेळाला दिसली, त्याच्या मेव्हण्यानं बघितली, अजून ताप उतरला नाही. मी खोटं छापून तीन दिवस झाले नव्हते, आणि त्या खोट्याला ताप यायला लागला होता.

अक्काताईनं आज दारावर दुसरीला उभं केलं होतं. तिनं केस नीट विंचरले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. शेवटच्या रांगेत दाराजवळच्या दोन खुर्च्या तिनं पदर टाकून धरून ठेवल्या होत्या. मी बसलो, तसं तिनं माझं मनगट धरलं आणि ते अडीच तास सोडलं नाही.

दिवे गेले. पत्र्याचं छत, बाहेर ऊन, आत काळोख. आमच्या गावात कुठंही बसा, मागांची खटखट ऐकू येतेच. थिएटरच्या भिंतीपलीकडंही माग होते, पण सिनेमा सुरू झाला की तो आवाज बुडून जाई.

तुम्हाला हसू येईल, पण भुताचा सिनेमा मी तेव्हा पहिल्यांदा पहिल्या अक्षरापासून बघत होतो. चार वर्षं टिंगल केली, पण बघितला एकही नव्हता. जीप बिघडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हवेलीचं दार उघडलं. त्या दाराच्या करकरण्याची मी किती वेळा चेष्टा केली होती! आता ते करकरलं आणि मी खुर्चीत मागं सरकलो. भूत खोटं आहे, हे कळत होतं. मुखवट्याची शिवणसुद्धा दिसत होती. पण त्या मुखवट्यामागं कुणीतरी बाई उभी आहे, तिला आई आहे आणि ती आई माझं मनगट धरून बसलीय, हे कळल्यावर हसू कसं येणार? प्रत्येक वेळी पांढरी साडी पडद्यावर हलली की अक्काताई मान पुढं काढी आणि मला विचारी, ही का? मी म्हणे, नाही, अजून नाही.

मध्यंतर झालं तरी ती जागची उठली नाही. मी चहा आणू का विचारलं, तर म्हणाली, मला सोडून जाऊ नका.

मध्यंतरानंतर पोरं चेकाळली. 'विहीर! विहीर!' असा एकच घोष सुरू झाला. मागावरचा कुणी गडी खुर्चीवर चढून 'अगं बाई, ये लवकर, माझी पाळी चुकतीय' म्हणालं, तसा सगळा हॉल हसला. अक्काताईनं ते ऐकलं असेल की नाही कोण जाणे. माझ्या मनगटावरची तिची नखं मात्र रुतायला लागली. मी उजवं बोट मांडीवर तयार ठेवलं होतं.

आणि ते सातवं रीळ आलं. हवेलीची मागची बाजू, बांबूची झाडं, लांबून कंदील हलत येतोय. मैत्रीण घाबरत घाबरत पुढं येते. विहिरीचा काळा कठडा. पोरं ओरडतच होती. ती कठड्याशी आली. कंदील वर धरला. वाकली. किंचाळली.

मी हात उचलायला लागलो. मनात म्हटलं, आता. आता घंटा वाजायच्या आत.

घंटा वाजली नाही.

"आली," अक्काताई म्हणाली.

तिनं ओरडून म्हटलं नाही. दारात पाहुणा दिसल्यावर आतल्या माणसाला सांगतात, तितक्या साध्या आवाजात म्हटलं. माझं बोट तोवर वर झालंच नव्हतं. मी तिला काहीच दाखवलं नव्हतं.

आणि पोरं गप्प झाली. एकदम, सगळी. आठशे माणसांचा हॉल, आणि भिंतीपलीकडची मागांची खटखट मला स्पष्ट ऐकू आली.

मी पडद्याकडे बघितलं नाही. मान कधी खाली घातली तेही आठवत नाही. मला माझे गुडघे दिसत होते, पुढच्या खुर्चीची पाठ दिसत होती, आणि माझ्या मनगटावरचा अक्काताईचा हात. त्या सगळ्यावर पडद्याचा उजेड पडला होता, निळसर, ओला. तो उजेड सरकत होता. खालून वर सरकत होता, सावकाश. बाबालाल म्हणाला होता, पापणी लवायलाही जागा नाही. मी श्वास घेतला, सोडला, परत घेतला, तरी तो उजेड सरकतच होता. एकदा, एकदाच मान वर केली असती तर सगळं मिटत होतं. पण मला वाटलं, मी वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत असणार.

मग घंटा वाजली, आणि हॉलभर लोकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. कुणीतरी हलकेच हसायचा प्रयत्न केला. त्याला कुणी साथ दिली नाही. त्यानंतरच्या मारामाऱ्या आणि त्रिशूळ लोकांनी शिट्टीशिवाय बघितले.

सिनेमा सुटला तसे सगळे डोळ्यांवर हात धरून उन्हात आले. बिड्या पेटल्या. तुला दिसली का, असं कुणी कुणाला विचारताना मी ऐकलं नाही. मीही विचारलं नाही. वर खिडकीत बाबालाल उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो आत वळला.

अक्काताई मला बाजूला, सायकलस्टँडच्या सावलीत घेऊन गेली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला वाटलं, सुटलो. काय घडलं, कसं घडलं, ते मरू दे, पण ही बाई आता घरी जाईल आणि चार घास खाईल.

"सायेब," ती म्हणाली, "माज्या डोळ्याला नुस्तं पांढरं पांढरं वर येताना दिसलं. तुमी धड बगितलासा. तोंड कसं हुतं तिचं? भ्याली हुती का?"

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगता आलं असतं. मावशी, मी बघितलं नाही. मावशी, मी घाबरलो. एवढंच. ती रागावली असती, कदाचित रडली असती. पण ज्या माणसानं चार वर्षं न बघता लिहिलं, त्याच्या तोंडी काय येणार? मी विचार केला, कुठल्याही आईला काय ऐकावंसं वाटेल? आणि तेच बोललो.

"नाही, मावशी. अजिबात नाही. शांत होता चेहरा. हसराच म्हणा ना."

"हसरा?"

"हो. सुखानं वर आल्यासारखा."

मग तिच्या चेहऱ्यावरचं ते मोकळं झालेलं सगळं हळूहळू मिटत गेलं. ते मी बघितलं. ते मात्र मी नीट, डोळे उघडे ठेवून बघितलं.

"मग ती मालन न्हवं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिच्या डोळ्यांदेखत तिचा धाकला भाऊ हिरीत गेला हुता. तवापास्नं ती हिरीच्या अंगाला जात न्हवती. पोटासाठी म्हनून उतरली आसंल, पर भेऊन अर्धी झाली आसंल. हिरीतनं वर येताना माजी मालन हसायची न्हाई, सायेब." तिनं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. "ही दुसरीच कुनीतरी आली. तिला आदी वाट मिळाली. माजी अजून खालीच हाय."

मी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार होतो? तीनच्या खेळाची घंटा झाली, तशी तिनं पदर खोचला आणि भिंत चाचपत ती परत आत गेली. सायकलस्टँडवरच्या पोऱ्यानं मला विचारलं, काय झालं हो? मी म्हटलं, ऊन लागलंय.

बुधवारी ती चारही खेळ बसली, गुरुवारी चारही. बाबालाल मला हे सांगायला मुद्दाम कचेरीत आला. मी त्याला विचारलं, मंगळवारी बारा ते अडीच रीळ कुठं अडकलं होतं का? कधीकधी मशीन अडतं, चित्र जागेवर थांबतं, तसं काही? तो म्हणाला, नाही अडकलं. मग एवढा वेळ पडद्यावर काय होतं, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तो नुसता टोपी फिरवत राहिला.

आप्पासाहेबांनी त्या आठवड्यात माझी पाठ थोपटली. तुमच्या परीक्षणानं गाव हललं म्हणाले, हुपरीकर, आता भुतांवर एक लेखमालाच लिहा. मी ती लिहिली नाही. ते परीक्षण मात्र मी मागे घेतलं नाही. पुढं सतरा वर्षं त्याच खुर्चीत बसलो, आणि प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत बघून लिहिला. भुताचा असेल तर दुसऱ्याला पाठवायचो.

शुक्रवारी सकाळी सिनेमा उतरला. पेटी पुढच्या मुक्कामाला, निपाणीला जायची होती. दहाच्या सुमाराला बाबालालनं थिएटरमधून फोन केला. पेटी एसटीच्या टपावर चढवली म्हणाला. अक्काताई गाडीत पेटीच्या खाली, खिडकीशी जाऊन बसलीय, बरोबर कपड्यांचं गाठोडं आहे, कुणाचं ऐकत नाही. गाडी सुटायला वीस मिनिटं आहेत. तुम्ही एकदा येऊन तिला खरं काय ते सांगा, तुमचं ऐकेल.

मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला. कचेरीपासून स्टँड पाच मिनिटांच्या अंतरावर होता. मी घड्याळाकडे बघत वीस मिनिटं खुर्चीत बसून राहिलो.